आगमनाचं साल

फ्रीमाँट, २ जून २०२५

प्रिय गिरिजा,

अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकून काम भागलं असतं, पण माझा फोन दिवसभर तुझ्या अनिलकाकांच्या हातात असतो आणि विषय जरा नाजूक आहे. म्हणून ईमेलवर का होईना, रीतसर पत्र लिहितेय. तूही तसंच लिही. अंगठे दाखवून उत्तर देऊ नकोस.

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षं होतात. गणपतीत स्मरणिका निघणार आणि तिची संपादक मी. अध्यक्ष तेच, अरुण सबनीस. ‘मी एट्टी-थ्री’ म्हणून हात पुढे करतात ते. त्यांच्याकडे माणसाची ओळख आडनावाने होत नाही, अमेरिकेत आल्याच्या सालाने होते. मी नाइन्टी-फोर, म्हणून तिसऱ्या रांगेत. यंदा त्यांनी ‘आद्य आगमन सन्मान’ नावाचं नवीन पारितोषिक काढलंय. सभासदांपैकी जो सगळ्यात आधी अमेरिकेत आला त्याला द्यायचं. सगळ्यात आधी कोण आलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी फॉर्म वाटायचे आहेत.

दुसरं पारितोषिक चांदीचा मोदक. ते मला आहे. बारा वर्षं मंडळात अकराशे उकडीचे मोदक होतात, एकही फुटत नाही, म्हणून. मी नको नको म्हटलं, पण कमिटी ऐकेना.

आता काम. प्रमुख पाहुण्या म्हणून शहराच्या नगरसेविका येणार आहेत. त्यांची आजी मेक्सिकन होती म्हणे. म्हणून स्मरणिकेत ‘आपले शेजारी’ या सदरात अमेरिकेतल्या निरनिराळ्या राज्यांतल्या लॅटिनो समाजाचा इतिहास हवा. आठशे शब्द, सुटसुटीत, वादग्रस्त काही नको. अरुण म्हणाले, “तुमची भाची मेक्सिकोतच आहे ना, तिला सांगा.” मीही हो म्हटलं.

ताईने गेल्या वर्षी धुळ्याहून उकडीच्या मोदकांचा फोटो पाठवला होता. बरे दिसत होते. कळ्या मोजल्या, तेरा होत्या. माझ्या एकवीस असतात. हे तिला सांगू नकोस.

तुझी
वसुधामावशी

०

आल्बुकर्की, ७ जून २०२५

ती. वसुधामावशीस सा. न.

अरुणकाकांना सांग की न्यू मेक्सिको अमेरिकेतच आहे. १९१२ पासून रीतसर राज्य आहे. मी इथे विद्यार्थी व्हिसावर आहे. त्यांच्या हिशेबाने ‘ट्वेन्टी-थ्री’, म्हणजे मला बहुधा बाहेर चपलांजवळ बसवतील.

आणि मी इतिहासाची नाही, पाण्याची विद्यार्थिनी आहे. पण इथल्या पाण्याचा अभ्यास करताना इतिहास टाळता येत नाही. इथे डोंगरातल्या गावांत ‘असेकिया’ नावाचे पाट आहेत, दोन-तीनशे वर्षांचे जुने. गावाने मिळून खणलेले, गावानेच सांभाळलेले. पाणी वाटायला एक मायोर्दोमो असतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं, कारण बाबांच्या साक्रीकडच्या गावात फडावर, म्हणजे सामायिक पाण्याच्या शेतांवर, जो पाटकरी होता, तो हुबेहूब हाच माणूस. तिथे टोपी, इथे हॅट.

आता तुझे आठशे शब्द. सगळ्यांचा मिळून एक इतिहास नाही, एवढं आधी अरुणकाकांना पचू दे. टेक्सास, कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको हे आधी मेक्सिकोच होते, युद्धानंतर १८४८ च्या तहाने मेक्सिकोने ते कायमचे गमावले. फ्लोरिडात क्यूबन विडीकामगार होते, म्हणजे सिगारवाले. कारखान्यात एक माणूस उंच खुर्चीवर बसून त्यांना दिवसभर वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवायचा. न्यूयॉर्कचे पोर्टो रिकन १९१७ पासून अमेरिकन नागरिक आहेत, तरी त्यांना अजून कुठून आलात म्हणून विचारतात. मिनेसोटात शंभर वर्षांपूर्वी टेक्सासहून माणसं बीट उपटायला जात. तिथल्या ईडन प्रेरीच्या मराठी मंडळींना हे ऐकून धक्का बसेल, त्यांना वाटतं तिथे पहिलं पाऊल आयटीवाल्यांनी टाकलं. आणि नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीत आपल्या लोकांची जी नवी घरं आहेत, त्यांच्या भिंती कुणी उभ्या केल्या तेही लिहिते.

तुमच्या फ्रीमाँटमध्येही १७९७ चं स्पॅनिश मिशन आहे. तू पाहुण्यांना तिथे फिरायला नेतेस. आणि गाव ज्या माणसाच्या नावाने आहे तो कॅलिफोर्नियात फौज घेऊन आला होता, एच-वन घेऊन नव्हे.

शेवटी एक जिवंत माणूस हवा. दोन वर्षांपूर्वी मी गणपतीला आले होते तेव्हा हॉलच्या स्वयंपाकघरात ओफेलिया होत्या. माझं बोट भाजलं तर त्यांनी बटाट्याची साल बांधली होती. तू त्यांना विचारशील का, त्यांचं घराणं कुठलं, कधीपासूनचं? त्यांच्यावर दोनशे शब्द लिहीन, नावासकट.

तुझी
गिरिजा

०

फ्रीमाँट, २१ जून २०२५

प्रिय गिरिजा,

लेख मिळाला. मला आवडला. कमिटीलाही आवडला, फक्त थोडे बदल आहेत.

टेक्सासमधून युद्ध काढायचं. कॅलिफोर्नियातून फौज काढायची, कारण नगरसेविका त्याच गावच्या आहेत. १९३० च्या सुमारास लाखो लोकांना, इथे जन्मलेल्यांनासुद्धा, गाड्यांत भरून मेक्सिकोला पाठवलं हे तू लिहिलं आहेस. ते काढायचं. खरं आहे का म्हणून मी अरुणना विचारलं नाही, कारण ते म्हणाले समोरच्या पानावर ज्वेलरची पानभर जाहिरात आहे, तिथे हे बरं दिसणार नाही. मिनेसोटाचे बीटवाले गरीब वाटतात. कॅरीच्या भिंती काढा, तिथल्या मंडळाने शुभेच्छा पाठवल्यात. सिगार काढा, स्मरणिकेवर गणपती आहे. आता चौसष्ट शब्द उरलेत. त्यातले वीस ग्वाकामोलेबद्दल, म्हणजे त्या आव्होकाडोच्या चटणीबद्दल आहेत, ते अरुणनी घातले.

ओफेलियाचं मात्र राहू दे. नावही नको. तिला फोनही करू नकोस, हे मी गंभीरपणे सांगतेय. हल्ली दिवस कसे आहेत ते तू बघतेसच. मंगळवारच्या मीटिंगमध्ये आपल्या सेक्रेटरीने, प्रसाद केळकरने, विषय काढला. म्हणाला, “उद्या हॉलवर इमिग्रेशनवाले आले तर? पाचशे माणसं, नगरसेविका, आणि स्वयंपाकघरात एक बिनकागदाची बाई. सगळ्यांचीच चौकशी होईल.” फार घाबरलेला दिसला. मग सर्वानुमते ठरलं की यंदा तिला बोलवायचं नाही. हे आम्ही तिच्याच भल्यासाठी करतोय. प्रसादने तिला फार सुंदर मेसेज लिहिला. बारा वर्षांच्या सेवेबद्दल मनःपूर्वक आभार वगैरे.

तिला कागद आहेत की नाहीत हे कुणी विचारलं नाही. असं कसं विचारणार? अपमान वाटेल तिला.

मोदकांचं म्हणशील तर काही अडत नाही. ती फक्त नारळ खवायची आणि भांडी आवरायची. उकड, कळ्या, सगळं माझंच असतं. यंदा महिला समिती मदतीला आहे.

तुझी
वसुधामावशी

०

आल्बुकर्की, ८ जुलै २०२५

ती. मावशीस सा. न.

फोन करू नकोस असं तुझं पत्र येण्याआधीच मी फोन केला होता. नंबर ओफेलियानेच दिला होता, बोट भाजलं तेव्हा. मी म्हटलं, न्यू मेक्सिकोत पाटांवर काम करते. ती जोरात हसली आणि म्हणाली, “मग माझ्या मामाला भेट. तुझ्यापासून दोन तासांवर राहतो, पाण्यावर तासन्‌तास बोलतो. घरचे कंटाळलेत, तू ऐक.”

मामांचं नाव एउसेबियो, वय ८३. गाव व्हायेसितो, सान्ता फेच्या वर डोंगरात. तीस वर्षं ते तिथल्या पाटाचे मायोर्दोमो होते. मला त्यांनी आधी पाटावरून दोन मैल चालवलं, मग बोलले.

“तुमच्याकडे पाणी कोण वाटतं?”

“पाटकरी.”

“लोक त्याला शिव्या देतात?”

“दोन्ही काठांचे देतात.”

“मग बरोबर वाटत असेल,” म्हणाले, आणि घरात नेऊन बसवलं.

मावशी, ओफेलियाचं घराणं त्या गावात सतराशे चोपन्नपासून आहे. ओफेलिया सात वर्षांची असताना तिचे वडील कामासाठी कॅलिफोर्नियात गेले, फळं डबाबंद करायच्या कारखान्यात. तिने तेवढंच स्थलांतर केलंय, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, शेवरलेच्या मागच्या सीटवर. मेक्सिको तिने एकदाच पाहिला आहे, हनिमूनला. मी मामांना म्हटलं, म्हणजे तुम्ही इथले सगळ्यात जुने. त्यांनी खिडकीतून नदीपलीकडे बोट दाखवलं. तिथे पुएब्लो लोकांचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं गाव आहे. म्हणाले, “त्यांना विचार. ते आम्हाला अजून नवे भाडेकरू समजतात.”

आता दुसरी गोष्ट. ती लिहू की नको, दोन दिवस विचार करत होते.

मामांच्या फ्रिजवर एक फोटो आहे, सप्टेंबर २०१९ चा. ओफेलिया मोदकांचं ताट घेऊन उभी. मामा मला समजावून सांगत होते, “माझी भाची कॅलिफोर्नियात हत्तीच्या देवासाठी गोड तमाल करते. दर वर्षी अकराशे. एकटी करते. ती म्हणते, तमालसारखंच, फक्त घड्या जास्त.” तमाल म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून वाफवतात ते. त्यांना वाटलं, मला मोदक म्हणजे काय ते माहीत नसेल.

तिच्या मागे ओट्यावर पितळी पातेलं होतं. त्यावरची अक्षरं मामांना नक्षी वाटत होती. मी वाचली. ‘चि. सौ. कां. वसुधा हीस आजोळकडून सप्रेम भेट, धुळे, १९९३.’

ओफेलियाने मला यातलं काही सांगितलं नव्हतं. परत येऊन पुन्हा फोन केला, तर तुला शब्द दिलाय म्हणाली. प्रसादचा सुंदर मेसेज मात्र तिने वाचून दाखवला. ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी आपण यंदा विश्रांती घ्यावी.’ मला म्हणाली, “माझ्या सुरक्षिततेला काय झालंय? मला तर नुसता गुडघा दुखतो.” मग विचारलं, “माझ्या हातचं आवडेनासं झालं का?”

याचं उत्तर मी काय देऊ?

तुझी
गिरिजा

०

फ्रीमाँट, २० जुलै २०२५

गिरिजा,

हातात ताट धरलं म्हणजे मोदक केले असं होत नाही. माझाही विमानाच्या कॉकपिटमध्ये बसलेला फोटो आहे. आणि पातेलं मी तिला धुवायला दिलेलं असणार. ८३ वर्षांचे गृहस्थ, चष्मा असेल, गैरसमज झाला असेल. तुझ्यासारखी शिकलेली मुलगी फ्रिजवरच्या फोटोवरून मावशीची परीक्षा घेते, याचं वाईट वाटलं.

ओफेलिया इथलीच आहे हे कळल्यावर मला बरं वाटलं. पण मीटिंगमध्ये सांगणं अवघड आहे. मेसेज गेलाय, ठराव झालाय, मिनिट्समध्ये ‘करुणेच्या भावनेतून’ असं लिहिलंय. ते आता खोडायचं कसं?

इकडे सगळं ठीक. काल आमच्याकडे मोदकांची रंगीत तालीम होती. अकरा बायका, साठ मोदक. वाफवायला ठेवले साठ, चाळणीतून बाहेर मात्र एकच पदार्थ आला. तो सगळ्यांनी चमच्याने खाल्ला. चव चांगली होती. मी म्हटलं, कॅलिफोर्नियात हवा कोरडी आहे. कुणीतरी विचारलं, “मग बारा वर्षं हवा कशी होती, वसुधाताई?” मी ओढणी शोधायला आत गेले.

ताईशी बोललीस का या विषयावर? बोलू नकोस.

वसुधामावशी

०

आल्बुकर्की, २२ जुलै २०२५

ती. मावशीस,

आईशी बोलले नाही, बोलणारही नाही.

पण एक आठवण करून देते. आपण धुळ्याचे. आपल्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तळणीचे मोदक होतात. पणजीने जन्मात उकड काढली नाही, आजीने काढली नाही. तू मंडळात कोकणातली कधी झालीस ते मला माहीत नाही, आणि माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. तळणीचे मोदक करून पाचशे माणसांना घाल, मी येऊन तळायला बसते. किंवा तिला बोलाव.

ती मला अजून विचारते, आवडेनासं झालं का.

गिरिजा

०

फ्रीमाँट, ११ ऑगस्ट २०२५

प्रिय गिरिजा,

गेले होते तिच्या घरी. आपल्या हॉलपासून अकरा मिनिटं. बारा वर्षांत मी तिचं घर पाहिलं नव्हतं. दारात जाईची वेल आहे.

तुला खरं ते सांगते, मग तू काय म्हणायचं ते म्हण. पहिल्या वर्षी इथल्या बायकांना वाटलं मी पुण्याची. मी खोडून काढलं नाही. मग वाटलं, पुण्याची म्हणजे उकडीचे येत असणार. तेही खोडलं नाही. मग हॉलच्या किचनमध्ये, आरतीला तीन तास असताना, माझी उकड चिरत गेली, चिरतच गेली. ओफेलिया हॉलतर्फे ओटे पुसायला होती. तिने पाच मिनिटं बघितलं, हात धुतले आणि कोमट पाणी मागितलं. उकड तळहाताने अशी काही मळली की मी बाजूला झाले, ती आजपर्यंत. बाहेर टाळ्या पडल्या तेव्हा ताट माझ्या हातात होतं. तिला म्हटलं, कुणाला सांगू नकोस. ती म्हणाली, “तुमच्यात असं असतं का?” मी म्हटलं, हो, असं असतं. तिने ते आमची धार्मिक रीत म्हणून पाळलं.

परवा तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. कागदांचंही. आम्हाला वाटलं तुझ्याकडे नाहीत, असं म्हटलं. ती आत गेली, मला वाटलं आता दार दाखवते. तर आजोबांचा सैन्यातला फोटो, स्वतःचा पासपोर्ट आणि कॉफी घेऊन आली. पासपोर्ट माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “बघ आणि साखर किती ते सांग.” मी पासपोर्ट उघडला नाही. साखरही सांगता आली नाही. बिनसाखरेची कॉफी प्यायले.

यायला ती तयार आहे. अट एकच. (वसूचं तिच्या तोंडी बासू होतं.) म्हणाली, “बासू, बारा वर्षं तुमच्याकडे येते, एकदाही बसून जेवले नाही. मला मेंबर कर. पहिल्या पंगतीला बसव.”

आपल्या घटनेत ‘मराठी संस्कृतीवर प्रेम असणारी कोणतीही व्यक्ती’ असं कलम आहे. शहराचा हॉल मिळावा म्हणून ते अरुणनीच घातलं होतं. मेंबरशिपचा आणि ‘आद्य आगमन’चा, दोन्ही फॉर्म तिथेच भरून घेतले. मीटिंगमध्ये मी ओफेलिया शहरातली जुनी रहिवासी आहे एवढंच सांगितलं. प्रसाद म्हणाला, “पण तिचे कागद?” मी म्हटलं, पासपोर्ट अमेरिकन आहे, तुझा कुठला? तो बिचारा तेरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. हॉलवर कुणी आलं असतं तर अख्ख्या किचनमध्ये तोच एकटा कच्चा निघाला असता. आता कळलं मला, तो कुणासाठी घाबरला होता. मग मला त्याला बोलल्याचंही वाईट वाटलं.

चांदीच्या मोदकाचं तिच्याशी बोलले. म्हटलं, छापून झालंय, तेवढं माझ्याकडे राहू दे. ती हसली. हो म्हणाली असावी.

तिच्या आगमनाच्या फॉर्मची कॉपी पाठवते, इंग्रजीत आहे, स्मरणिकेसाठी मराठी करून दे.

तुझी
मावशी

०

आल्बुकर्की, १३ ऑगस्ट २०२५

ती. मावशीस,

फॉर्म मराठीत केलाय. जसा आहे तसाच छाप, अरुणकाकांच्या हाती आधी देऊ नकोस.

नाव: ओफेलिया आर्चुलेटा. मूळ गाव: व्हायेसितो, पाटाच्या डाव्या काठाला. अमेरिकेत कधीपासून: १८४८. त्या वर्षी अमेरिका आमच्याकडे आली. आगमन कसे (विद्यार्थी / नोकरी / कुटुंब): आम्ही घरीच होतो.

माझ्या लेखातले चौसष्ट शब्दही काढलेस तरी चालतील. यात सगळं आलं. ग्वाकामोले ठेव, अरुणकाकांचं लिखाण आहे.

चांदीच्या मोदकाबद्दल मी काही म्हणत नाही. तुझं नाव त्यावर कोरून झालंय ना? पातेल्यावरही तुझंच आहे.

गिरिजा

०

फ्रीमाँट, ३१ ऑगस्ट २०२५

प्रिय गिरिजा,

काल झालं सगळं. आज अंग दुखतंय, पण तू वाट बघत असशील.

अकराशे मोदक झाले, एकही फुटला नाही. मी नारळ खवला. खरंच मीच खवला, बोटाला खरचटलंय. दुपारी ओफेलिया हात धुऊन, निळी साडी नेसून बाहेर आली. साडी माझी, नेसवली तिच्या सुनेने यूट्यूब बघून, माझ्यापेक्षा चापूनचोपून. पहिल्या पंगतीला नगरसेविकेशेजारी बसवलं. दोघी स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलून सारख्या हसत होत्या. अरुण लांबून विचारत होते, कशावर हसतायत?

मग सन्मान. ‘आद्य आगमन’चे फॉर्म वाचायचं काम प्रसादकडे होतं. त्याने नव्वद, सत्त्याऐंशी करत करत त्र्याऐंशी वाचलं. अरुण जॅकेटचं बटण लावून उठले. प्रसादने पुढचं पान उलटलं आणि थांबला. मग एका सुरात वाचून टाकलं, अठराशे अठ्ठेचाळीस, आम्ही घरीच होतो. नगरसेविका एकट्याच टाळ्या वाजवत होत्या. अरुण म्हणाले, “पण हे आगमन नाही, हे तर...” आणि त्यांना पुढचा शब्द सापडेना. अजून सापडलेला नाही. आज सकाळी फोन करून घटनेत ‘स्वतः प्रवास करून’ असं घालता येईल का विचारत होते.

ओफेलियाने ट्रॉफी घेतली नाही. जागेवरूनच म्हणाली, हे नदीपलीकडच्या लोकांना पाठवा, आम्ही तिथे नवीन आहोत. ट्रॉफी आता मंडळाच्या कपाटात आहे, तबल्याशेजारी. ती कुणाला पाठवायची हे ठरवायला उपसमिती नेमलीय.

मग माझं नाव पुकारलं. चांदीचा मोदक हातात आला, चांगला जड आहे. आणि अरुणना कुठे तरी राग काढायचा होता का कोण जाणे, माइक माझ्यापुढे धरून म्हणाले, “वसुधाताई, उकडीचं रहस्य काय ते आज सांगाच.”

मी ओफेलियाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने शब्द दिला होता, ती पाळणार होती, मला ते तिच्या पाठीवरून कळत होतं.

मी दोन वाक्यं बोलले. पहिलं, सगळी देवाची कृपा. ते खोटं होतं. दुसरं, हे मोदक ओफेलियाने केलेत, बारा वर्षं तीच करते, मला उकड येत नाही, आम्ही धुळ्याचे.

मग महिला समितीतली ती, हवा कशी होती विचारणारी, मोठ्याने म्हणाली, “वाटलंच होतं,” आणि सगळे हसायला लागले. माझ्यावरच हसत होते. मी खाली उतरून ओफेलियासमोर मोदक धरला. तिने हाताने थांब अशी खूण केली. मोदक खात होती. सगळा हॉल थांबला, नगरसेविकासुद्धा. तिने घास संपवला, बोटं पुसली, चांदीचा मोदक हातात घेऊन फिरवून पाहिला.

“नऊच कळ्या?” म्हणाली. “हा कुणी केला?”

आज मी ट्रॉफीच्या दुकानात पातेलं दिलंय. माझ्या नावाखाली तिचं कोरायला सांगितलं. दुकानदाराने विचारलं, कुठल्या लिपीत? मी म्हटलं, वरच्याच.

आता ताईला सगळं सांग. माझी हरकत नाही. फक्त सांगून झालं की एवढं विचार, ती तर धुळ्याची, तिचे ते तेरा कळ्यांचे मोदक कोण करतं?

तुझी
मावशी

०

आल्बुकर्की, २ सप्टेंबर २०२५

ती. मावशीस सा. न.

तू ईमेलने पाठवलेली स्मरणिका छापून मामांना नेऊन दिली. त्यांना मराठी येत नाही, पण त्यांनी १८४८ वर बोट ठेवलं, १७५४ का नाही म्हणून कुरकुरले आणि पान फ्रिजवर लावलं. ग्वाकामोले खाली दुमडलं गेलंय.

ओफेलियाचा फोन आला होता. आवडलं म्हणून कळवायला सांगितलंय. तुमचं वरण जरा पातळ होतं म्हणे.

आईला सगळं सांगितलं. ती खूप हसली, वसूला लहानपणापासूनच असं मिरवायची सवय, म्हणाली. मग तुझा प्रश्न विचारला.

फोन कट झाला. तीनदा परत लावला, उचलत नाहीये. बाबांनी मेसेज केलाय: रत्नागिरीच्या एक वहिनी आहेत, गल्लीच्या टोकाला. नाव विचारून कळवतो.

तुझी
गिरिजा